सोन्याच्या क्लेमचा ऑप्शन: सही आणि पैशांआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

कॅनडातल्या सोन्याच्या पट्ट्यात 'क्लेम (खनिज शोधण्याचा हक्क) ऑप्शनवर (हप्त्यांनी मिळवण्याच्या करारावर) उपलब्ध' अशा जाहिराती आता सोलापुरात बसूनही सहज हाती लागतात. टिमिन्स, रेड लेक, कर्कलंड लेक ही मोठी नावं, खडकातल्या पिवळ्या ठिपक्यांचा फोटो, टनाला अमुक ग्रॅमचा आकडा, आणि पहिल्या हप्त्याची मुदत. वाचणारा त्याच क्रमाने जातो: आधी ग्रॅम, मग सोन्याचा भाव, मग पैसे, आणि क्लेम कोणाच्या नावावर आहे हे सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा आहे. नोंद, मुदत, जुने अहवाल, ॲसे (खडकात सोनं किती याची लॅब चाचणी), जागेवरची पाहणी, करार आणि मग पैसे, असं गेलं तर बरेचसे वाईट व्यवहार एक रुपया न घालवता पहिल्या दोन टप्प्यांतच गळून पडतात.

इथे ओंटारिओ प्रांत धरला आहे, कारण तिथल्या बहुतेक नोंदी घरबसल्या आणि फुकट पाहता येतात. ब्रिटिश कोलंबिया, क्वेबेक किंवा अमेरिकेतल्या नेवाडाचे नियम वेगळे आहेत. क्रम मात्र हाच ठेवा.

## आधी एक चाळणी: क्लेम भारतातला सांगितला असेल तर इथेच थांबा

भारतात सोन्याचा खासगी 'क्लेम' मारता येत नाही. खाण आणि खनिजे (विकास व नियमन) अधिनियम, १९५७ नुसार परवान्याशिवाय शोधकामही करता येत नाही, मग जमीन कोणाचीही असो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर सोन्यासारख्या प्रमुख खनिजांचे हक्क लिलावातून दिले जातात. २०२३ च्या दुरुस्तीने २९ खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आला. सोनं त्यात आहे, पण तो परवानाही लिलावातूनच मिळतो.

सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर आहे. इथे सोन्याचा पट्टा नाही. पण रायचूर जिल्ह्यातलं हट्टी आपल्याला रेल्वेच्या एका प्रवासाइतकं जवळ आहे, म्हणून 'हट्टीजवळचा क्लेम' म्हटलं की खरं वाटतं. हट्टीची खाण कर्नाटक सरकारच्या कंपनीची आहे. आजूबाजूच्या शेताचा उतारा दाखवून कोणी सोन्याचा ऑप्शन देत असेल, तर राज्य सरकारने दिलेला परवाना किंवा खाणपट्टा मागा. तो नसेल तर पुढचं बोलणंच नको.

## टप्पा १: नेमकं काय विकलं जातंय ते ओळखा

क्लेम म्हणजे ठरलेल्या जागेत खनिज शोधण्याचा हक्क. वरची जमीन त्यात येत नाही, आणि सोनं काढून विकण्याचा हक्कही येत नाही. उत्पादनासाठी क्लेमचं रूपांतर खाणपट्ट्यात करावं लागतं. ओंटारिओत तो २१ वर्षांचा असतो. जुन्या भागात 'पेटंट' (सरकारने कायमच्या मालकीने दिलेल्या) जमिनीही असतात, त्यांची नोंद वेगळ्या कार्यालयात असते आणि तपासणीही वेगळी.

ऑप्शन म्हणजे क्लेम मिळवण्याचा हक्क, तोही ठरलेले हप्ते भरल्यावर आणि ठरलेलं काम केल्यावर. आपल्याकडच्या इसाराशी त्याची गल्लत होते. इसार दिला की आपण खरेदीला बांधले जातो. ऑप्शनमध्ये मधूनच सोडून देता येतं. पण तोपर्यंत दिलेलं परत येत नाही, आणि शेवटची अट पुरी होईपर्यंत क्लेममधला वाटाही सहसा मिळत नाही. तीन वर्षं हप्ते भरून चौथ्या वर्षी थांबलेल्या माणसाच्या हातात बहुतेक करारांत शून्य टक्के राहतात.

तपासा: समोरच्याकडून एका ओळीत लेखी उत्तर घ्या: 'हा क्लेम आहे, खाणपट्टा आहे की पेटंट, आणि देणारा नोंदणीकृत धारक आहे की मध्यस्थ?'

## टप्पा २: नोंद स्वतः उघडा

ओंटारिओची क्लेम नोंदणी एप्रिल २०१८ पासून पूर्ण ऑनलाइन आहे. प्रणालीचं नाव मायनिंग लँड्स ॲडमिनिस्ट्रेशन सिस्टिम, बोलताना 'एमलास'. तिचा नकाशा कोणालाही उघडता येतो.

१. विक्रेत्याकडून क्लेम क्रमांकांची पूर्ण यादी घ्या. नकाशाचा स्क्रीनशॉट किंवा 'रेड लेकपासून १२ किलोमीटर' एवढ्यावर भागवू नका.

२. प्रत्येक क्रमांक नकाशावर शोधा. धारकाचं नाव, त्याचा टक्का, क्लेमची स्थिती आणि मुदतीची तारीख एका तक्त्यात उतरवा.

३. देणाऱ्याचं नाव आणि धारकाचं नाव अक्षरशः जुळतं का पाहा. धारक कंपनी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा ठराव मागा. दोन धारक असतील तर दोघांची सही लागेल.

४. क्लेमचा नोंद-उतारा पाहा. आधीचे करार, बदल्या, वाद, रॉयल्टीची (पुढे निघणाऱ्या सोन्यातल्या दुसऱ्याच्या हिश्श्याची) नोंद काही आहे का? उतारा कोरा आहे म्हणजे रॉयल्टी नाही असं समजू नका, कारण रॉयल्टीचे सगळे करार तिथे नोंदवलेले असतातच असं नाही. मागच्या सगळ्या खरेदी-करारांच्या प्रती मागाव्याच लागतात.

५. त्याच नकाशावर शोधकामाला बंद केलेली क्षेत्रं, उद्यानं आणि आदिवासी समुदायांच्या राखीव जमिनींचे थर चालू करा. क्लेमचा मोठा भाग त्यांखाली गेला, तर कागदावरचं क्षेत्रफळ आणि काम करता येईल ते क्षेत्रफळ यांत मोठा फरक पडतो.

ओंटारिओत क्लेम जाळीतल्या चौकटींवर घेतला जातो. एक चौकट साधारण १८ ते २४ हेक्टरची, म्हणजे ४५ ते ६० एकर. नवी चौकट नोंदवायची फी ५० कॅनडियन डॉलर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण शेजारी मोकळ्या चौकटी असताना कोणी कोऱ्या, काहीही काम न झालेल्या चौकटींचे हजारो डॉलर मागत असेल, तर तो कशाचे पैसे मागतोय हे विचारायलाच हवं. किंमत असते ती आधी झालेल्या कामाची, माहितीची आणि जागेची.

सावधान: यादीतले थोडेच क्लेम देणाऱ्याच्या नावावर आणि बाकीचे 'लवकरच घेणार' असतील, तर जे नावावर आहेत तेवढ्याच क्लेमचं बोलणं करा.

## टप्पा ३: मुदत आणि कामाचा हिशोब

क्लेम टिकवायला दरवर्षी ठरावीक रकमेचं शोधकाम करून त्याचा अहवाल सरकारकडे दाखल करावा लागतो. एका पूर्ण चौकटीमागे वर्षाला ४०० डॉलर, आणि जुन्या क्लेमच्या रूपांतरातून उरलेल्या सीमेवरच्या चौकटीला २०० डॉलर. नव्या क्लेमला पहिल्या वर्षी काम लागत नाही, पण दुसऱ्या वर्षदिनापर्यंत पहिला हिस्सा दाखल झालेला असावा लागतो.

२४ पूर्ण चौकटींना वर्षाला ९,६०० डॉलर लागतात. ही रक्कम हप्त्यांव्यतिरिक्त आहे. बऱ्याच लोकांच्या हिशोबात ती नसतेच.

आता तारीख बघा. उत्तर ओंटारिओत बर्फाने जमीन झाकलेली असते, त्यामुळे खडक पाहायचं आणि नमुने गोळा करायचं काम साधारण मे अखेर ते ऑक्टोबर एवढंच चालतं. क्लेमची मुदत मार्चमध्ये संपत असेल आणि डिसेंबरात ऑप्शन हाती आला, तर त्या मोसमात साधं नमुने गोळा करण्याचं कामही होणार नाही. ड्रिलिंगचं उलट: दलदलीच्या जागी मशीन न्यायला गोठलेली जमीनच सोयीची.

आधी केलेलं जास्तीचं काम शिल्लक म्हणून राहतं आणि लगतच्या क्लेमना वाटता येतं. म्हणून तीन प्रश्न विचारा:

- शिल्लक किती आहे आणि कोणत्या क्लेमवर आहे?
- ती या व्यवहारात तुमच्या क्लेमना लावली जाणार की धारक स्वतःच्या दुसऱ्या क्लेमना नेणार?
- पहिल्या वर्षाचं काम कोण दाखल करणार?

तपासा: सर्व क्लेमच्या मुदती सहीच्या दिवसापासून किमान एक वर्ष पुढे असाव्यात. नसतील तर मुदत पुढे नेण्याचं काम धारकाने सहीआधी पूर्ण करावं, अशी अट घाला.

## टप्पा ४: जुने अहवाल काढा

ओंटारिओ सरकारकडे दाखल झालेले बरेच शोध-अहवाल खुले आहेत: कामाच्या अहवालांची फाइल, खनिज नोंदींची यादी, ड्रिल-होलची यादी आणि सोडून दिलेल्या खाणींची यादी. चारही ठिकाणी तुमच्या चौकटी शोधा. सोडून दिलेली खाण निघाली तर तिच्या उघड्या शाफ्टची आणि जुन्या कचऱ्याची जबाबदारी कोणावर, हे कराराआधी वकिलाला विचारावं लागेल.

जुने आकडे वाचताना तीन गोष्टींत घोळ होतो.

एकक. जुन्या अहवालात औंस प्रति शॉर्ट टन असतं. एक औंस प्रति टन म्हणजे सुमारे ३४.३ ग्रॅम प्रति मेट्रिक टन. ०.३० औंस म्हणजे सुमारे १०.३ ग्रॅम.

डॉलरमधला ग्रेड (टनामागे सोनं किती). काही जुन्या अहवालांत टनाला इतके डॉलर असं लिहिलेलं असतं, तेही त्या काळच्या भावाने. औंसाला ३५ डॉलर भाव असतानाचे '७ डॉलर' म्हणजे ०.२ औंस, सुमारे ६.९ ग्रॅम. आजच्या भावाने भागलंत तर सोनं जवळजवळ नाहीसंच होईल, म्हणून आधी अहवालाचं साल बघा.

जागा. हा घोळ सर्वांत महागात पडतो. जुने सहनिर्देशांक 'नॅड २७' पद्धतीचे आणि आजचे 'नॅड ८३' चे असतात. दोन्हींत उत्तर-दक्षिण दिशेला सुमारे दोनशे मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धी चौकट. जाहिरातीतला उत्तम नमुना याच फरकाने शेजाऱ्याच्या क्लेममध्ये जाऊन पडतो. सहनिर्देशांकांचा झोनही (नकाशातला उभा पट्टा) बघा: टिमिन्स आणि कर्कलंड लेक १७ मध्ये, रेड लेक १५ मध्ये.

तपासा: जाहिरातीतला प्रत्येक मोठा आकडा नकाशावर ठिपका म्हणून मांडा. किती ठिपके तुमच्या क्लेमच्या आत पडतात ते मोजा.

## टप्पा ५: ॲसे रिपोर्ट वाचायला शिका

इथे घाई करू नका. सगळी भुरळ याच कागदात असते.

नमुना कसा घेतला, हे ग्रेडच्या आधी पाहायचं. हातात आला तो दगड उचलला तर तो 'ग्रॅब' नमुना. उचलणारा साहजिकच सर्वांत चांगला दिसणारा दगड निवडतो. टनाला ४० ग्रॅम दाखवणारा ग्रॅब नमुना एवढंच सांगतो की तिथे सोनं आहे. किती आहे, किती रुंदीत आहे, हे सांगत नाही. 'चॅनल' नमुन्यात खडकात सलग खाच पाडून लांबी मोजून नमुना घेतात. त्याला वजन आहे. ड्रिल-कोअरच्या (ड्रिलने खोलवरून काढलेल्या खडकाच्या दांड्याच्या) नमुन्याला सर्वांत जास्त.

ड्रिलचा आकडा आला तर हे गणित करा. जाहिरात म्हणते: '१२ मीटर लांबीत टनाला ३ ग्रॅम, त्यात १ मीटरला ३० ग्रॅम'. एकूण १२ × ३ = ३६. त्यातून एका मीटरचे ३० वजा केले की उरतात ६, आणि ते ११ मीटरांत वाटले की जेमतेम ०.५५ ग्रॅम. म्हणजे तो १२ मीटरचा पट्टा नव्हे; एक मीटरची शीर आणि आजूबाजूला जवळपास रिकामा खडक. एक मीटरची शीरही चांगली असू शकते, पण तिचा खर्च आणि हिशोब वेगळा आहे.

पुढे विचारा: ही लांबी कोअरमधली की खरी जाडी? शिरेला तिरकं छेद दिला की दहा मीटर कोअरमध्ये प्रत्यक्ष पाच-सहा मीटर जाडी असू शकते.

लॅबच्या कागदावर पाहायचं ते असं:

- प्रमाणपत्र लॅबचं मूळ हवं, एक्सेलमध्ये उतरवलेलं नको. शक्य असेल तर धारकाच्या संमतीने लॅबकडूनच थेट मागवा.
- लॅबला आयएसओ/आयईसी १७०२५ मान्यता आहे का?
- पद्धत कोणती? सोन्यासाठी नेहमीची फायर ॲसे (भुकटी वितळवून सोनं वेगळं काढायची चाचणी) ३० किंवा ५० ग्रॅम भुकटीवर होते. सोनं जाड कणांचं असेल तर त्या भुकटीत एखादा कण आला की आकडा उडतो, नाही आला की पडतो. अशा जागी 'स्क्रीन मेटॅलिक्स' (जाड कण चाळून वेगळे तपासायची) चाचणी झालेली असावी.
- नमुन्यांमध्ये माहीत ग्रेडचे, कोरे (सोनं नसलेले) आणि दुबार नमुने मिसळले होते का? कोऱ्या नमुन्यात सोनं दिसलं तर ती संपूर्ण तुकडी संशयित.

शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर तिचा कॅनडाच्या एनआय ४३-१०१ नियमाखालचा तांत्रिक अहवाल सेडार प्लस या संकेतस्थळावर मिळतो. 'अनुमानित' साठा आणि 'ऐतिहासिक अंदाज' हे शब्द दिसले की तेवढं सोनं ताब्यात आहे असं धरू नका. आणि शेजारच्या खाणीचे आकडे वाचून तुमच्या क्लेमची किंमत ठरवू नका. तिथे सोनं निघालं म्हणून इथे निघेल असं नाही, हे त्याच नियमाखालच्या अहवालात स्पष्ट लिहावं लागतं.

अहवाल वाचायला आपल्याकडे माणसं आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र शिकवलं जातं. फक्त बसाल्ट आणि भूजलावर काम केलेला माणूस आणि हट्टी-मस्कीसारख्या ग्रीनस्टोन पट्ट्यातल्या क्वार्ट्झ शिरांवर काम केलेला माणूस यांत फरक करा. टिमिन्सचा खडक दुसऱ्याला जास्त ओळखीचा वाटेल.

## टप्पा ६: जागेवर स्वतंत्र माणूस पाठवा

ओंटारिओत नोंदणी असलेला व्यावसायिक भूशास्त्रज्ञ नेमा, धारकाने सुचवलेला नको. त्याला दोन-तीन दिवसांचं नेमकं काम द्या: रस्ता कुठपर्यंत जातो, उघडा खडक किती दिसतो, जुने खंदक आणि ड्रिल-होल कागदावर दाखवल्या जागी आहेत का, आणि सर्वोत्तम जुन्या नमुन्यांच्या जागेवरून पुन्हा नमुने. नमुने त्याच्याच हातून सीलबंद पिशवीत लॅबला जावेत, वाटेत धारकाकडे थांबू नयेत.

परवान्याचंही आत्ताच विचारा. १५० किलोपेक्षा जड ड्रिल मशीन लावायची तर शोध परवाना लागतो. त्यात परिसरातल्या आदिवासी समुदायांशी सल्लामसलत असते. वेळ धरूनच वेळापत्रक करा. पहिल्याच वर्षी ड्रिलिंगची अट असेल आणि परवाना अर्जच झालेला नसेल, तर ती अट तुम्ही मोडणारच.

## टप्पा ७: करारातली कलमं

उदाहरणादाखल चार वर्षांचा ऑप्शन घ्या, सगळे कॅनडियन डॉलर. सहीला २०,०००, मग चार वर्षदिनांना २५,०००, ३५,०००, ५०,००० आणि ७०,०००. हप्ते झाले २ लाख. कामाची अट ५०,०००, १ लाख, दीड लाख, २ लाख; म्हणजे ५ लाख. पूर्ण मालकीला एकूण ७ लाख. पण पहिल्या वर्षाचं काम 'पक्कं' असेल, तर सही करताच तुम्ही ७०,००० ला बांधले गेलात. सही करण्याआधी हा आकडा वेगळा लिहून काढा: आज सोडलं तरी किती जाणार?

वकील ओंटारिओचा हवा. त्याला ही कलमं दाखवून एकेक उत्तर घ्या:

१. वाटा कधी मिळतो? शेवटी एकदम की टप्प्याटप्प्याने.

२. रॉयल्टी. 'नेट स्मेल्टर रिटर्न' (शुद्धीकरणाचा खर्च वजा जाता विक्रीतून उरलेल्या रकमेवरची रॉयल्टी) बहुधा १ ते ३ टक्के असते. आधीच्या मालकांची धरून एकूण किती होते? अर्धी परत विकत घेण्याचा हक्क आणि त्याची रक्कम लिहिलेली आहे का?

३. हप्ता चुकल्याची नोटीस. हप्ता चुकला तर लगेच करार संपतो की नोटिशीनंतर ३० दिवस मिळतात? परदेशातून पैसे पाठवणाऱ्याने हे ३० दिवस सोडू नयेत. बँकेच्या कागदांतच आठवडा जातो.

४. कोणतं काम मोजलं जातं? प्रवास, व्यवस्थापन शुल्क, समुदायांशी सल्लामसलतीचा खर्च यांत येतो का?

५. आसपासचं क्षेत्र. क्लेमच्या हद्दीपासून ठराविक अंतरात तुम्ही नव्याने घेतलेली चौकट आपोआप करारात ओढली जाते का?

६. सोडताना. क्लेम किती महिने मुदत शिल्लक ठेवून परत करायचे? इथे बारा महिने लिहिलेले असतील तर सोडण्याच्या वर्षीही कामाचा खर्च तुमच्याच माथी.

७. हमी. क्लेमवर बोजा, वाद, न सांगितलेली रॉयल्टी नाही, हे धारकाने लिहून द्यावं.

सहीनंतर ऑप्शन कराराची नोंद क्लेमच्या उताऱ्यावर करून घ्या. ती राहिली तर धारक तेच क्लेम दुसऱ्याला दाखवत फिरतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

## टप्पा ८: पैसे पाठवणं

भारतातला रहिवासी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवू शकतो. ही सोय व्यक्तींना आहे. भागीदारी फर्म, हिंदू अविभक्त कुटुंब आणि कंपनीला नाही. यंत्रमागाच्या किंवा टॉवेलच्या फर्मच्या चालू खात्यातून हप्ता पाठवण्याचा विचार इथेच अडतो. कंपनीला परकीय गुंतवणुकीचे २०२२ चे नियम लागू होतात आणि त्यांची वाट वेगळी.

सही करण्याआधी कराराचा मसुदा बँकेच्या परकीय चलन शाखेला दाखवा आणि हा व्यवहार कोणत्या सदरात बसतो ते लेखी घ्या. पॅन आणि ए-२ (परकीय चलन पाठवण्याचा) अर्ज लागतो. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा आयकर) कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत रोख अडकते, म्हणून हप्त्याच्या हिशोबात धरा.

पैसे वकिलाच्या विश्वस्त खात्यात किंवा थेट नोंदणीकृत धारकाच्या खात्यात जावेत. मध्यस्थाच्या खात्यात, रोखीत किंवा 'इथे रुपये द्या, तिथे डॉलर पोचतील' अशा वाटेने कधीच नाही. तसं केलं की परकीय चलन कायद्याचा भंग होतो, आणि करार मोडला तर हप्ता दिल्याचा पुरावाही राहत नाही.

तपासा: परदेशातला हक्क आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, शेड्यूल एफए मध्ये, दाखवायचा का, हे सीएकडून त्याच वर्षी ठरवून घ्या. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

## टप्पा ९: सहीनंतरचं कॅलेंडर

तीन तारखा वेगवेगळ्या असतात आणि लोक त्या एकच समजतात: हप्त्याची, कराराखालच्या कामाची आणि क्लेमच्या सरकारी मुदतीची. तिन्ही एका पानावर लिहा. प्रत्येकीच्या ९०, ६० आणि ३० दिवस आधीची आठवण लावा. सोलापुरात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ असतात. कार्यालयीन कामाचे फोन त्या वेळेत करा.

क्लेम धारकाच्या नावावर असेपर्यंत कामाचा अहवाल कोणी दाखल करायचा ते करारात असतं, तरी दाखल झाल्याची पोचपावती स्वतः मागा आणि एमलासवर तारीख पुढे सरकली का ते महिन्यातून एकदा पाहा. अहवाल दाखल झाला पण मंजूर झाला नाही, असंही होतं.

निकाल कमजोर आले आणि सोडायचं ठरलं, तर पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी लेखी नोटीस जायला हवी. नोटीस पोचल्याची नोंद ठेवा, कोअर, नकाशे आणि लॅबची मूळ प्रमाणपत्रं करारानुसार परत करा, खंदक आणि ड्रिलच्या जागा पूर्ववत केल्याचे तारखेसह फोटो भूशास्त्रज्ञाकडून घ्या, आणि उताऱ्यावरची ऑप्शनची नोंद काढून टाकल्याची प्रत फाइलला लावा.